डोलीत कोण

नर्स यमुनाबाई आणि आप्पा खोत यांची ओळख झाली ती रत्नागिरीच्या वर्गात. एका पेन्शनर डॉक्टरांनी त्या हिवाळ्यात जमीनवाल्यांना आणि नर्सांना महिनाभर एकत्र बसवलं होतं. खेड्यात संकट आलं की निर्णय या दोघांच्याच गळ्यात पडतो, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक नाही, फळा नाही. डॉक्टर एखादा प्रसंग सांगत आणि दोघांना उभं करून विचारत, "बोला, आता काय कराल?" एकदा त्यांनी विचारलं, रोगी दोन आणि नेण्याची सोय एकाचीच, कोण जाईल? आप्पा तडक म्हणाले, "ज्याला धोका जास्त, तो. मग तो कोणाचा का असेना." वर्गाने टाळ्या वाजवल्या. यमुनाबाईंनीही वाजवल्या.

पुढे आप्पांनीच खटपट करून त्यांना दाभोळच्या खाडीकाठी आपल्या गावच्या दवाखान्यात आणलं.

आषाढात लावणी चालली असताना भर दुपारी एक पिसाळलेला कोल्हा शेतात घुसला. आप्पांचं कूळ लवू याची बायको गंगा चिखलात वाकलेली होती. कोल्ह्याने तिच्या गालाचा आणि मानेचा लचका तोडला. बांधावरून भाकऱ्या घेऊन येणारी आप्पांची सून मालन टोपली टाकून तिला सोडवायला धावली, तर तिची पोटरी फाडली. लवूने फावड्याने कोल्हा मारला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

यमुनाबाईंनी दोघींच्या जखमा पुन्हापुन्हा धुतल्या, कार्बोलिक लावलं. यावरची सुई मुंबईला मिळते, हे त्यांना ठाऊक होतं. पण पावसाळ्यात बोटी बंद. उरला घाट, आणि घाटापलीकडे आगगाडी. रक्त गेल्याने गंगाला घेरी येत होती आणि मालनला पाय टेकवत नव्हता. गावातले धट्टेकट्टे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत. कशीबशी एका डोलीपुरती माणसं जमली.

आप्पांनी ओटीवर यमुनाबाईंना विचारलं, "बाई, कोण?"

"तोंडावरचा चावा लवकर भिनतो, आप्पा. गंगा आधी."

आतून आप्पांच्या बायकोचं रडणं ऐकू आलं. आप्पा खांबाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "गंगाला बसवा."

तिला बसवलं. भोई डोली उचलणार एवढ्यात लवू आडवा आला. हात जोडून म्हणाला, "आप्पा, वहिनीसायबांना न्या. ही जगली आन त्यांचा काय वंगाळ झाला, तर आमी या गावात त्वांड कुठं दाकवायचा?"

"मी सांगतोय ना, लवू!"

"तुमी आज सांगताव. उद्याचा कोन सांगल?"

तेवढ्यात गंगा गालावरचं फडकं धरून स्वतःच खाली उतरली. "मना न्हाय जायाचा," म्हणाली. "माज्यापायी त्या धावल्या."

रोगीच डोलीतून उतरला तर काय करायचं, हे वर्गात कोणी विचारलं नव्हतं. यमुनाबाईंनी तिला दंडाला धरून परत बसवायला हवं होतं. त्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांचा कोंडलेला श्वास सुटला, तो त्यांनी ऐकला. आणि लाज वाटावी अशी गोष्ट, त्यांचाही सुटला. खोताशी वाकडं घेऊन या गावात त्यांना तरी कोण होतं?

"माणसं परतली की लगेच तुला पाठवू," त्या गंगाला म्हणाल्या.

मालन गेली. माणसं परतायच्या आत घाटात दरड कोसळली आणि वाट बंद झाली. यमुनाबाई रोज लवूच्या खोपटात जाऊन जखम धूत. जखम छान भरत आली. गंगा पुन्हा लावणीला जाऊ लागली, तेव्हा लवू हसून म्हणाला, "बगा, उगाच घाबरलो."

एका सकाळी गंगाच्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. तहान लागलेली, पण पाणी पाहिलं की घसा आवळून यायचा. यमुनाबाईंनी दार लोटून घेतलं, कवाडाच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, वाऱ्यानेही झटके येतात म्हणून तो लागू दिला नाही. त्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं. मध्येच गंगा शुद्धीवर आली.

"बाई, मी उतरलाव ता बराच केला ना?"

"हो," यमुनाबाई म्हणाल्या. "बरंच केलंस."

दुसऱ्या दिवशी ती गेली. शेवटी लवूला आपल्याच बायकोला दोरीने बांधावं लागलं होतं.

श्रावण सरता सरता मालन बरी होऊन परतली. गंगाचं कळल्यावर तिने सासऱ्यांना विचारलं, "तिला का नाही नेलंत?" आप्पा माजघरात निघून गेले. मग ती दवाखान्यात आली आणि तेच विचारलं. यमुनाबाईंनी सगळं सांगितलं. "म्हणजे डोली तिची होती," एवढंच मालन म्हणाली, आणि लंगडत घरी गेली. त्यानंतर ती कोणाच्याच शेतावर दिसली नाही.

लवू मुंबईला निघून गेला. यमुनाबाईंनी बदली मागितली, मिळाली नाही. त्या वाटेवर दिसल्या की आप्पा ओटीवरून उठून आत जात. गावात दोघंच होती, ज्यांना एकमेकांशी बोलता आलं असतं. ती कधी बोलली नाहीत.