आयझमला वाचता येत होतं

शाळेच्या मास्तरीण मिस हॉलोवे तापाने आडव्या झाल्या, त्यांना उत्तरेला घरी परत नेलं, आणि त्याच आठवड्यात मदत सोसायटीचा माणूस घोड्यावरून गावात आला. सोसायटी उत्तरेकडच्या भल्या लोकांची. उत्तर-दक्षिणेचं युद्ध संपून काळे गुलाम सुटले तेव्हा तिने इथे मास्तरीण धाडली, पुस्तकं धाडली, जुने कोट धाडले. आता तिचा हा माणूस कापसाच्या जुन्या शेडमधल्या शाळेत उभा राहून म्हणाला, की शिकवणारं कोणी नसेल तर पुस्तकं दुसऱ्या गावाला द्यावी लागतील. चेहरा पाडून म्हणाला, पण म्हणाला.

टेंपी पुस्तकांच्या पेटीला हात लावून उभी राहिली. पन्नाशीला टेकलेली ही बाई रोज पोरांच्या बाकावर गुडघे आवळून बसत होती, ती काही हौस म्हणून नाही. तिची चेनी युद्धाच्या आधी विकली गेली. बारा वर्षांची पोर. कुठे नेली, कोणी घेतली, कुणाला पत्ता नाही. सुटलेले लोक आपली हरवलेली माणसं शोधायला वर्तमानपत्रात जाहिरात देत, आणि ती गावोगावच्या चर्चमध्ये मोठ्याने वाचली जाई. टेंपीला तशी जाहिरात द्यायची होती, आणि तीही स्वतःच्या हाताने लिहून. महिन्याकाठी फिरतीवर येणाऱ्या पाद्रीबाबांनी लिहून देतो म्हटलं, तर ही म्हणाली, "आई मी आहे तिची." निम्मी अक्षरं झाली होती. आता तीही वाया गेली म्हणायची.

तिचा नवरा आयझम पेट्या उचलायला आला होता. खाली वाकला आणि तसाच थांबला. मग वरचं पुस्तक काढून त्याने उघडलं आणि वाचायला लागला. अडखळला नाही, बोट फिरवलं नाही.

"पाठ केलंय लेकाने!" म्हातारा पॉम्पीकाका ओरडला. "दुसरं पान द्या त्याला!"

सोसायटीच्या माणसाने स्वतः पान काढून दिलं. आयझमने तेही वाचलं.

"अरे लबाडा!" पॉम्पीकाकाने कपाळावर हात मारला. "जन्मभर खेचरं हाकलीस, आणि आम्ही म्हणायचो, गाडीवर बसलेलं खेचर जरा जास्तच मठ्ठ आहे!"

शेड हसून हसून गदगदली. लहानपणी मालकाच्या पोराची शिकवणी चाले तेव्हा आपण खिडकीबाहेर पंखा ओढत बसायचो, आयझम म्हणाला. तिथेच कानावर पडलं, डोळ्यांनी टिपलं. मग गुलामाला वाचता येतं हे कळलं तर बोट तोडतील या भीतीने तोंड शिवून घेतलं, ते आजवर. कुणी त्याला दोष दिला नाही. त्या काळात काही ना काही लपवलं नाही असं तिथे होतं कोण? तो मास्तर होणार, पुस्तकं राहणार, हे ठरून गेलं. बायकांनी टेंपीला मिठ्या मारल्या.

घरी जाताना टेंपीचे पाय जमिनीवर नव्हते. "मलासुद्धा कळू दिलं नाहीस होय रे? बायकोला? जाऊ दे, माफ केलं. आता उद्यापासूनच बसू. उरलेली अक्षरं महिन्याभरात होतील, मग चेनीची—"

ती मध्येच थांबली. कोर्टाच्या भिंतीवरचा तो मोठा कागद तिला आठवला. तो शनिवार होता. दोघं मालकाचं धान्य घेऊन गाडीतून शहरात गेले होते. आयझम त्या कागदासमोर उभा होता. तिने सहज विचारलं होतं, एवढं काय बघतोस? आणि तो म्हणाला होता, असेल कुणाचं घोडं हरवलेलं. मंगळवारी चेनीला नेलं.

"आयझम," ती म्हणाली, "त्या कागदावर काय होतं?"

कुठला कागद, असं त्याने विचारलं नाही. तो कुंपणाला टेकला.

"टेंपे, तुला सांगितलं असतं तर तू तिला घेऊन दलदलीत पळाली असतीस. कुत्री सोडली असती त्यांनी. दोघी गेल्या असत्या. मी म्हटलं, एक तरी राहू दे."

"काय होतं त्यावर?"

तो खाली बघून बोलला. इतक्या वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. "विकणे आहे. मुलगी, नाव चेनी. वय बारा. रंग उजळ काळा. दात चांगले. डाव्या भुवईवर लहान व्रण. शिवणकाम उत्तम येतं. स्वभावाने गरीब."

शिवणकाम टेंपीने शिकवलं होतं. चेनी कामाची ठरेल, मालक घरातच ठेवून घेतील, विकणार नाहीत, म्हणून शिकवलं होतं. ती रस्त्यातच खाली बसली.

"मी मेले असते ते सोड," ती म्हणाली. "पळाले असते की नाही, तेही सोड. मंगळवारी सकाळी तिच्या हातून दूध सांडलं. मी फाडकन तिच्या थोबाडीत दिली. आठवतं?"

आयझम कुंपणाच्या लाकडाची साल नखाने खरवडू लागला.

"तू तिथेच बसला होतास. काकवीत बुडवून भाकरी खात होतास. पोर रडत कामाला गेली, आणि तुला ठाऊक होतं ती परत यायची नाही. माझा हात तरी धरायचास रे. नुसता हात धरायचास."

"मला वाटलं, माझ्या तोंडावरून तुला कळेल," तो म्हणाला. "म्हणून मी मान वर केली नाही."

टेंपी उठली. स्कर्टची धूळ झटकली.

"उद्या शाळा भरव. पोरांनी काय पाप केलंय? त्यांना शिकव. मी नाही यायची."

"आणि चेनीची जाहिरात?"

"ती तूच लिही," ती म्हणाली. "तुला पाठ आहे."