कोरा तुकडा

बाबांची मिल बंद पडून पाच वर्षं झाली, तरी परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरात कुठलीही वस्तू दोनदा वापरल्याशिवाय टाकली जात नाही. ही काटकसर मी प्रयोगशाळेतही नेली आणि तिथंच फसले.

माझा पीएचडीचा विषय बाबांना मी एकदा समजावला होता. पेशीत युबिक्विटिन लायगेज नावाचं प्रथिन असतं. नको असलेल्या प्रथिनांवर ते खूण लावतं आणि मग ती मोडीत निघतात. त्याला फॉस्फेट चिकटलं की ते कामाला लागतं.

"म्हणजे छाटणीवाला साहेब," बाबा म्हणाले. "ऊपर से ऑर्डर आली की सुरू."

फॉस्फेट चिकटलेलं प्रथिनच तेवढं धरणारी अँटीबॉडी परदेशातून मागवली होती. सहा महिने वाट पाहिल्यावर बोटाच्या पेराएवढी कुपी आली. ती मी थेंबाथेंबानं पुरवली. अँटीबॉडीनं प्रथिन धरलं की फिल्मवर काळी पट्टी येते; ती ठसठशीत उमटली, माझे गाइड देवेंद्र सर खूश झाले, प्रबंध द्यायची तारीखही ठरली. आता उरलेल्या थेंबांत एकच प्रयोग होणार होता, शेवटच्या नमुन्याचा.

फिल्म मी मोठ्या हौसेनं घरी नेली. बाबा मिलमध्ये कापड तपासायचे; खराब थानावर, म्हणजे ताग्यावर, लाल पेन्सिलीनं 'वापस' लिहायचे. त्यांनी ती खिडकीशी धरली, तिरपी केली, उलटी केली.

"पट्टी तो मस्त आहे बेटा. पण कोरा तुकडा कुठंय?"

"कसला कोरा?"

"रंग पक्का आहे का बघायला रंगीत कापडाबरोबर एक कोरा तुकडा धुवायचो आम्ही. त्याच्यावर रंग चढला, की थान वापस."

माझं डोकंच फिरलं, कारण त्यांचं बरोबर होतं. माझा कोरा तुकडा म्हणजे फॉस्फेट काढून टाकलेला नमुना. तो हवाच, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. कुपी वाचवायला मीच तो गाळला होता.

"एवढीशीच उरलीय, बाबा. तपासण्यात घालवली तर तारीख गेली."

"मिलच्या आखरी दिवशी पण मी दोन थान वापस केले. सगळे हसले, म्हणाले, अरे भिया, आता कोण बघतंय? पण थानावर तपासणाऱ्याचा नंबर तर माझाच पडणार होता ना."

दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी उरलेले थेंब कोऱ्या नमुन्यावर घातले.

तिथंही तीच पट्टी आली, तितकीच काळी. फॉस्फेट असो वा नसो, अँटीबॉडी सरसकट धरत होती. तीन वर्षं पाण्यात गेली. डार्करूमचं दार लावून मी रडले, मग सरांना फिल्म दाखवली. सरांनी कॅलेंडरवरची तारीख खोडली.

घरी बाबांनी फिल्म पाहिली मात्र, त्यांचा चेहरा उतरला.

"मी चूप बसायला पाहिजे होतं. माझ्यामुळे तुझी तारीख गेली."

मला त्यांचा फार राग आला होता. त्यांच्याकडे पाहताना तो टिकेना.

"तुमची लाल पेन्सिल आहे ना अजून?" मी विचारलं.

ती त्यांच्या खिशातच होती. मी फिल्मच्या कडेला लिहिलं, 'वापस', आणि खाली माझं नाव.