अडतीस ओहम

अगं, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. आमची ताई मीटरच्या दोन सुया काचेवर टेकवून उभी आहे, श्वास रोखून, आणि मीटर दाखवतोय काय? सतरा लाख ओहम! म्हणजे वीज त्या काचेवरून जायला तयारच नाही. ताईने काच उलटी केली, सुलटी केली, मीटरला एक चापट मारली. सतरा लाखच.

"हीपण गेली?" सिंकपाशी काचा विसळत मामांनी विचारलं. मामा म्हणजे लॅबमधले मदतनीस. बत्तीस वर्षं बीकर धुतायत, निवृत्तीला सात महिने उरलेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात, ताईच्या संशोधनाचे मार्गदर्शक सरसुद्धा.

"गेली कसली मामा, आलीच कुठे होती!"

काम ऐकायला एकदम सोपं. जस्ताचं मीठ पाण्यात विरघळवायचं, अमोनिया घालायचा, त्या गरम द्रावणात काच उभी लटकवायची. तासाभरात काचेवर जस्ताच्या ऑक्साइडचा थर चढतो, इतका पातळ की आरपार दिसतं. मग भट्टीत भाजायचं, आणि त्या थरातून वीज वाहायला हवी. बस! आणि एकदा वाहिली होती ना! अकरा महिन्यांपूर्वी, एकाच काचेवर. अडतीस ओहम. सर नाचायचेच बाकी होते. "शुद्ध! दुसरा कणभर धातू न घालता!" असं म्हणत परिषदेत सांगूनही आले. मग ताईला म्हणाले, "अशाच तीन करून दाखव, तुझी शिष्यवृत्ती वर्षभर वाढवायच्या अर्जावर सही करतो."

तेव्हापासून दोनशे चौदा काचा झाल्या. तिने पाणी बदललं, मीठ बदललं, भट्टी बदलली. आई फोनवर नुसतं "झालं का गं तुझं ते काचेचं?" म्हणाली तरी ताई फुरंगटून फोन ठेवायची. आणि अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आली होती.

ताईने वही टेबलावर आपटली. "शेवटी माझ्याच हाताला गुण नाही!"

मामांनी नळ बंद केला. बराच वेळ हात पुसत राहिले.

"ताई, एक विचारू? रागावायचं नाही. द्रावण काचेच्या भांड्यात नसेल तापवलं, तर काही फरक पडतो का हो?"

"म्हणजे?"

"ते अडतीस आले ना, त्या दिवशी तुम्ही 'द्रावण तापत ठेवा, मी आलेच' म्हणून गेलात. बीकर माझ्या हातातून सुटला, फुटला. दुसरा कोरडा नव्हता. मग मी आपलं... चहाच्या पातेल्यात तापवलं. तुम्ही यायच्या आत बीकरमध्ये ओतून ठेवलं. पातेलं आतून पार काळं पडलं, तेव्हा टाकून दिलं, नवीन आणलं."

"पातेलं कसलं होतं?"

"कसलं असणार? ॲल्युमिनियमचं."

ताई मटकन स्टुलावर बसली. अमोनियात ॲल्युमिनियम थोडंथोडं विरघळतं गं! तेच थरात शिरलं, म्हणून वीज वाहिली. शुद्धबिद्ध काही नव्हतं. "मामा, अकरा महिने!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. "अकरा महिने तुम्ही माझ्या शेजारी काचा धूत उभे होता!"

"मला काय ठाऊक पातेल्यानं होतंय ते? मी घाबरलो होतो, ताई. चहाच्या भांड्यात केमिकल म्हटल्यावर चौकशीच लागते. आता सात महिने उरलेत, त्यात पेन्शन अडकून पडेल."

ताई उठली, ॲल्युमिनियमच्या मिठाची चिमूट तोलली, द्रावणात टाकली, तीन काचा लटकवल्या. दुपारपर्यंत भट्टीतून निघाल्या. एकेचाळीस. एकोणचाळीस. चाळीस. दुसऱ्या कुणी उड्या मारल्या असत्या. हिला रडू यायला लागलं.

सर आले, त्यांनी मीटर पाहिला आणि पेनचं टोपण काढलं. "शाब्बास! कुठाय अर्ज?"

आता बघ, गप्प बसली असती तर सही झाली असती. पण तिच्याने राहवेना.

"सर, या शुद्ध नाहीत. ॲल्युमिनियम घातलंय. आणि ती पहिलीसुद्धा शुद्ध नव्हती."

"पहिलीत कुठून आलं?"

सिंकचा नळ वाहतोय. मामा पाठमोरे.

"माझ्या हातून बीकर फुटला होता," ताई म्हणाली. "मी चहाच्या पातेल्यात द्रावण तापवलं. सांगायचं राहून गेलं."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे मी शंभर लोकांसमोर खोटं बोलून आलो," एवढंच म्हणाले. टोपण पेनला लावलं, पेन खिशात ठेवलं आणि निघून गेले.

ताई म्हणते, सही गेली त्याचं एवढं नाही वाटलं. ती वाट बघत होती. मामा आता वळतील, काहीतरी बोलतील, सरांच्या मागे धावतील. मामांनी नळ बंद केला. मग हातातली काच फडक्याने पुसायला लागले. ती कोरडी झाली तरी पुसतच राहिले, खाली मान घालून, आणि ताई उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली.

आता सांग. ताईच्या जागी असतीस तर काय केलं असतंस, ते नकोच सांगू, ते सगळेच सांगतात. मामांच्या जागी असतीस तर?