क्लोरीनवर बसलेले चाचा

रूपानं बॅग भरली आणि हॉलच्या मधोमध आणून आदळली. हरेशनं मान वर केली नाही. आता बोला! बायको माहेरी निघालीय आणि हा बाबा पीएचडीच्या कागदावरची वाकडीतिकडी रेघ बघतोय.

कामतघरच्या चाळीत असं नव्हतं. भिंतीपलीकडे इद्रीसचाचांचे कापड विणायचे लूम खडखडायचे, त्यांच्यावर आवाज चढवून ही दोघं भांडायची. मग चाचा भिंतीवर थाप मारून विचारायचे, "खैरियत?" आणि दोघांनाही हसू फुटायचं. काल्हेरच्या या नव्या इमारतीत आल्यापासून शेजारचे सगळे फ्लॅट कुलूपबंद. भांडण नाही की बोलणं नाही. रूपा गोदामातली ड्युटी करून यायची आणि भिंतीशी बोलायची. मेली भिंतसुद्धा हूं म्हणत नव्हती.

"मी जातेय," रूपा म्हणाली. "परत यायचं की नाही ते तिकडे ठरवीन."

आता हरेशचा चेहरा पडला. साध्या माणसानं 'थांब' म्हटलं असतं. यानं झेनॉन काढला.

"झेनॉन वायू कुणात मिसळत नाही गं. पण भयंकर थंडीत त्याला हायड्रोजन आणि क्लोरीनच्या मध्ये बसवता येतं. एकटा रेणू असला की हायड्रोजनशी त्याचा बंध ढिला, कंपनं मंद. पण शेजारी दुसरा रेणू आला, की..."

"की घर फुटतं. जगाची रीत आहे."

"इथंच तर गंमत! बंध घट्ट होतो. कंपनं वाढतात, वर्णपटातली ही रेघ वर सरकते."

रूपानं कमरेवर हात ठेवले. "यात मी कोण?"

"हायड्रोजन."

"म्हणजे कुणात न मिसळणारा तू. मग क्लोरीन कोण? सवत?"

हरेशनं प्रबंधाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "मधल्याला सगळा तोच ओढून घेतो," तो हळूच म्हणाला. खरं बोलला म्हणून रूपाला जरा बरं वाटलं, पण बॅग काही जागची हलली नाही.

"शेजारी घेऊन येतो!" असं ओरडून हरेश पळाला, तोही घाईत रूपाच्या चपला पायात अडकवून. अनवाणी माहेरी कशी जाणार? ती बसून राहिली.

रिक्षातून तो इद्रीसचाचांनाच घेऊन आला. दाढीत अजून लूमचा कापूस होता. "हरेश बोला घर में आफत है. कुठाय आफत?"

हरेशनं त्यांना रूपाजवळ खुर्ची दिली. मग म्हणाला, "नाही, चुकलं. शेजारी क्लोरीनच्या बाजूला हवा." खुर्ची टेपनं मोजून गठ्ठ्याकडे सरकवली. अजून जवळ. अजून थोडी. शेवटी चाचा वैतागले, खुर्ची ढकलली आणि थेट प्रबंधावर बसले. "बस! घुटने दुखते हैं. आता मी उठणार न्हाय."

हरेशचे हात रिकामे झाले. बघायला दुसरं काही उरलं नाही म्हणून त्यानं रूपाकडे बघितलं.

"केस कापलेस?"

"दिवाळीला कापले!"

झालं! पडद्यांचा रंग, तिच्या आईचा न घेतलेला फोन, करपलेली आमटी, सगळं तुंबलेलं बाहेर आलं. आवाज चढत चढत छताला लागले. चाचांनी भिंतीवर थाप मारली, "खैरियत?"

दोघं हसायला लागली. हसता हसता रूपाला रडू आलं. "मेल्या, 'जाऊ नकोस' म्हणायला तुला चाचा लागले?"

"जाऊ नकोस," हरेश म्हणाला.

चहा पिऊन चाचा उठले, तशी हरेशची बोटं लगेच गठ्ठ्याकडे वळली. रूपानं ते पाहिलं. तिनं बॅगेतले कपडे पलंगावर ओतले, अख्खा प्रबंध आत कोंबला आणि चेन लावली.

"चाचा, ही सवत तुमच्याकडे ठेवा. याला लिहायचं तर लूमशेजारी बसून लिहील, घरी मोकळ्या हातानं येईल. आणि शुक्रवारी, जुम्म्याला लूम बंद असतात ना, तेव्हा चाचीला घेऊन जेवायला या."

बॅग शेवटी घराबाहेर पडलीच. हरेश ती खाली पोचवायला गेला, पुन्हा रूपाच्याच चपला घालून. अख्ख्या रिकाम्या इमारतीत घुमेल अशी रूपा गॅलरीतून त्याच्या नावानं ओरडली.