माझ्याशी बोललेलं नानांनी ऐकलं नाही

मी कुंपण बोलतोय. लाकडाचं, आणि आता आडवं पडलेलं. उभा होतो तोवर माणसं माझ्याशी पुष्कळ बोलली, आता थोडं मी बोलून घेतो. घाई असेल त्यांनी खुशाल जावं.

शिरपूर तालुक्यातल्या एका गावात तोताराम नानांच्या घरामागे परसबाग आहे. वांगी, मिरच्या, थोड्या केळी, एक लिंबू. बागेच्या टोकाला जमीन एकदम तुटते आणि खाली खोल नाला, नुसता दगडधोंड्यांचा. त्या कडेवर मला उभं केलं ते नानांच्या धाकट्या भावानं, उखर्डूनं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात. डोंगराकडून सागाचे वासे आणले, खांब पुरले, वर बांबूच्या पट्ट्या ठोकल्या. साग म्हटलं की लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. पण वासे कोवळे होते, आणि कोवळा साग मातीत फार दिवस काढत नाही. मला विचारतो कोण!

उखर्डू मोठा हौशी गडी. खिळा ठोकताना गाणं म्हणायचा, तेही बेसूर. काही वर्षांनी त्याला ताप आला तो उतरलाच नाही. मागे राहिली त्याची बायको कुंदाबाई. मूलबाळ नाही. ती नाना आणि त्यांची बायको भिकुबाई यांच्याबरोबर त्याच घरात राहिली.

आता इथली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढून बाजूला होते. घरात काही सांगायचं तर कुंदाबाई भिकुबाईमार्फत सांगायची. पण बागेत भिकुबाई नसायची. मग कुंदाबाई माझ्याकडे तोंड करायची.

"कुंपणा, मिरचीले पानी कमी पडी राहिनं, बरं का."

वाफ्यात नाना खुरपं थांबवायचे आणि पाणी सोडायला जायचे. असं आमचं छान चाललं होतं. मी म्हणजे त्या दोघांमधला निरोप्याच.

भाऊ गेल्यापासून नानांचा माझ्यावर फार जीव. दिवाळीला गेरू लावायचे. पावसाळा संपला की एकेका खांबाचं डोकं धरून हलवायचे आणि म्हणायचे, "आजून पक्कं शे. उखर्डूना हात लागेल शे ह्याले."

अहो नाना, डोकं काय हलवता? खांब मरतो तो पायाकडून. माती आणि हवा जिथं भेटतात, तिथं. वरून मी ताठ दिसत होतो, कारण गिलक्याच्या वेलानं मला आवळून लिंबाच्या बुंध्याशी बांधून ठेवलं होतं. लोकांना वाटायचं वेल कुंपणावर उभा आहे. खरं तर मीच त्याच्या जिवावर होतो.

आणि कुंदाबाईचंही प्रेम मला भोवलं, ते लपवत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी गावात येतात, म्हणून आधी घरदार सारवतात. कुंदाबाई मलाही सोडायची नाही. दरसाल माझे पाय शेणामातीनं हौसेनं लिंपायची. दिसायचं सुरेख, पण आत ओल कोंडून राहायची आणि वाळवीला मेजवानी मिळायची. एका आखाजीला लिंपताना तिची बोटं सरळ खांबात गेली, शिळ्या भाकरीत जावीत तशी. त्या दिवसापासून तिनं लिंपण बंद केलं आणि सांगणं सुरू केलं.

"कुंपणा, तुन्हा पाय सडी गयात. नवं लाकूड आणा म्हणावं. कोणी टेकी तर नालामा जाई."

नानांनी ऐकलं. ऐकलं आणि मान खाली घालून निंदत राहिले. त्या रीतीत हीच तर सोय आहे! बोलणं माझ्याशी झालं, मग नानांनी ते ऐकायचं की नाही ही नानांची मर्जी. ती दर महिन्याला सांगायची. भिकुबाईकडूनही सांगून पाहिलं. नाना म्हणायचे, "तो गया, आते त्यानं कामबी उपटी फेकू का?"

एकदा एक पट्टी निखळली तर त्यांनी तार बांधली. एक खांब झुकला तर टेकू दिला. लक्षात ठेवा, टेकूला टेकू लागायला लागला की कुंपण संपलेलं असतं. एखादी पट्टी तुटली तर बदला, पण पाय गेले असतील तर सगळंच काढा.

गेल्या उन्हाळ्यात वेल वाळला. नाना कोयता घेऊन आले आणि तो कापायला लागले. कुंदाबाई लिंबाला पाणी घालत होती.

"कुंपणा, वेल कापू नका म्हणावं! त्यानीच तुले धरी ठेयेल शे!"

नाना हसले आणि कापत राहिले. शेवटची वेटोळी नाल्याच्या बाजूला लोंबत होती. ती ओढायला नानांनी माझ्यावर छाती टेकली आणि वाकले.

मी गेलो. कडकड आवाजही झाला नाही, इतका मी भुसा झालो होतो.

"नाना!"

कुंदाबाईनं घागर टाकली, धावली आणि दोन्ही हातांनी नानांचा दंड धरून मागे ओढलं. दोघं मातीत बसली. तिचा पदर खांद्यावर आला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. माझे चार खांब खाली दगडांवर पडले, बाकीचे कडेवरच आडवे झाले.

नानांनी मातीत राहिलेला एक बुंधा उपसला. हातात चुरा आला. ते लहान मुलासारखे रडायला लागले. "उखर्डूनं करेल व्हतं..."

"लाकूड शे, नाना," कुंदाबाई म्हणाली. या वेळी तोंड त्यांच्याकडेच होतं. "तुम्हना भाऊ नही. एक गया, तेवढं पुरे व्हयनं. आते तुम्ही नका जाऊ."

आता तिथं अंजनाच्या कठीण लाकडाचे खांब आहेत. बुडाला डांबर, भोवती दगड, लिंपण नाही. मी अंगणात चुलीशी रचलेला आहे, थोडा थोडा जळतो. माझी तक्रार नाही. तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी उभं असेल तर त्याचं डोकं हलवू नका, पायाशी बसा आणि बोट टोचून पाहा. बोट आत गेलं तर त्याला वेळेवर सुट्टी द्या.

आज दुपारी भाकरी भाजून झाल्या. भिकुबाई सवयीनं नानांना बोलवायला उठू लागली, पण त्याआधीच कुंदाबाई दारात येऊन उभी राहिली. बागेकडे पाहिलं आणि हाक मारली, "नाना, जेवाले चला."

नव्या कुंपणापाशी नाना निंदत होते. त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि ते घराकडे वळले.

"उनू वं, कुंदा."