सहा बायकांची नावं

शिवबाईनं मदिनाच्या तव्यावरची भाकरी उचलून दाराच्या उजेडापुढं धरली. भाकरी इतकी पातळ होती की पलीकडचं ऊन तिच्यातून तांबूस होऊन आत आलं.

"बघा गं," ती बाकीच्या पाच जणींना म्हणाली. "ह्याला भाकरी म्हणत्यात. तुमच्या भाकरीवर बसून माणूस अक्कलकोटला जाईल."

मदिना मान खाली घालून हसली आणि पुढचा उंडा परातीत थापायला घेतला. बावीस वर्षं ती या शेडात कडक भाकरी थापत होती. शेड म्हणजे काय, भवानी पेठेतल्या शिवबाईच्या घरामागं टाकलेले चार पत्रे, सहा शेगड्या, सहा तवे. नवरा गेल्यावर शिवबाईनं ते एकटीनं उभं केलं. शाळा तिची दुसरीत सुटली होती, पण आपल्या तोंडापुढं पेठेतला वकीलसुद्धा टिकत नाही असं ती सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

दारात संगमेश उभा होता. शेजारच्या गल्लीतल्या मंडळाचा पोरगा, हातात कागद, कानामागं पेन.

"अव्वा, दोन हजार भाकरी पायजेत. जवानांसाठी, मंडळातर्फे. पुडक्यावर करणाऱ्या बायकांची नावं छापायचीत. सांगा की नावं."

आठ दिवसांपूर्वी काश्मिरात फिरायला गेलेल्या माणसांना अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या होत्या. नाव विचारून, धर्म विचारून मारलं, असं टीव्हीवर दिवसभर चालायचं. त्यातल्या एका बाईचं रडणं ऐकून शिवबाईनं दोन दिवस टीव्ही बंद ठेवायला लावला होता. टीव्ही बंद केला त्या सकाळी मदिनानं पीठ मळता मळता मनगटानं डोळे पुसले होते आणि सगळ्या जणींकडं पाहिलं होतं. तिच्याकडं कुणी पाहत नव्हतं.

"लिही," शिवबाई म्हणाली. "पहिलं मदिनाचं. सगळ्यात जुनी ती."

पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"ते एक राहू द्या की, अव्वा."

"का? शाई संपली?"

"तसं न्हाय. पोरं ऐकायची न्हाईत. वातावरण कसं हाय बघताय नव्हं. तिकडं नाव विचारून गोळ्या घातल्यात."

"आन् तू नाव विचारून भाकरी घेतोस." शिवबाईनं हातातली भाकरी टोपलीत ठेवली. "दात येत हुते तवा हिच्याच हातचा तुकडा चघळत बसायचास हितं. लाळ गळायची छातीवर. तवा विचारलं हुतंस का रं नाव?"

मायाक्का फिसकन हसली. संगमेशचे कान लाल झाले. त्यानं कागदाची घडी केली आणि गेला.

ते वाक्य शिवबाईला फार आवडलं. नाव विचारून भाकरी घेतोस. दुपारी तिनं ते सुनेला, शिवलीलाला सांगितलं. संध्याकाळी लेकीला फोनवर सांगितलं, शेजारणीला कट्ट्यावर सांगितलं. प्रत्येक वेळी संगमेशचं तोंड आणखी थोडं पडलेलं असायचं.

मदिना मात्र हसली नव्हती. हात धुताना ती हळूच म्हणाली, "कशाला वो अव्वा? कागदावर नसलं माझं नाव तर काय बिघडतंय. हितं बसायला मिळतंय ते बास हाय."

"तू गप. माझ्या शेडात कोण बसायचं ते मी ठरवते."

दुसऱ्या दिवशी फुलाबाईनं आपली शेगडी आणि तवा उचलून मदिनाच्या शेजारून पार भिंतीकडं नेला. शिवबाईनं कमरेवर हात ठेवले.

"तिकडं काय वारं लागतंय?"

फुलाबाई वळली नाही. "माझ्या बहिणीचा पोरगा भारत तिकडं सरहद्दीवर उभा हाय, अव्वा. चार दिस फोन लागंना झालाय. मदिनाचं काय चुकलं न्हाय, मला कळतंय. पर तिच्याकडं बघितलं की हात चालंना."

शिवबाईच्या तोंडाशी चार उत्तरं आली होती. चारही चांगली होती. तिनं ती गिळली आणि पिठाचा डबा उगाच इकडचा तिकडं केला.

मदिनानं सगळं ऐकलं होतं. तिनं भाकरी उलटली आणि फडक्यानं दाबत राहिली. कडक भाकरी फुगू द्यायची नसते. फुगायला लागली की फडकं घेऊन दाबायची, कोरडी होईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी दोघी आल्याच नाहीत. एकीच्या नवऱ्यानं निरोप धाडला, थोडे दिवस जाऊ द्या. नवी पेठेतल्या दुकानदारानं नेहमीचा माल परत पाठवला. तोही म्हणाला, थोडे दिवस जाऊ द्या. शिवलीलानं मोबाइल आणून सासूपुढं धरला. शेडाचा पत्ता होता, आणि खाली लिहिलं होतं, भाकरी घ्यायच्या आधी ती कोण थापतं ते विचारून घ्या. शिवबाईनं एकेक अक्षर लावून ते वाचलं. वाचून झाल्यावर तिनं मोबाइल नुसता परत केला. शिवलीलाला त्याचीच भीती वाटली.

"अत्ती," ती म्हणाली, "मदिनामावशीला थोडे दिवस घरी..."

"तू पन तेच म्हन."

त्या दिवशी चारच शेगड्या पेटल्या. शिवबाई पहिल्यांदाच कुणाच्या भाकरीला नाव न ठेवता घरात गेली.

संगमेश परत आला तो पाचव्या दिवशी. या वेळी कागद नव्हता.

"अव्वा, नावं नकोत. नावाचं आमीच काढून टाकलं. निसता व्हिडिओ करू. सगळ्या बायका भाकरी थापत्यात, जवानांसाठी. मदिनामावशी पन बसू दे. एकी दिसली पायजे की."

"आन् ते मोबाइलवर फिरतंय ते?"

"ते मी मिटवतो."

शिवबाईनं त्याला चहा पाजला. तो गेल्यावर मदिनाला म्हणाली, "वाकवला का न्हाय?"

न आलेल्या दोघी परत आल्या. व्हिडिओ रविवारी होता. मदिनानं मधले दोन दिवस एक वाक्य पाठ केलं. थापता थापता तिचे ओठ हलायचे.

"मराठीत बोलू का हिंदीत वो, अव्वा? जवान कुठनं कुठनं आलेले असत्यात."

"मराठीत बोल. सोलापूरची हाईस का लखनौची?"

"मग ऐका. भाकरी पोटभर खावा, पोरांनो, आन् सुखरूप आपापल्या घरी जावा." ती थांबली. "बरं हाय का?"

"लांबडं हाय," शिवबाई म्हणाली. पण तिनं ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

रविवारी मदिना मोरपंखी साडी नेसून आली, लेकीच्या लग्नात घेतलेली. शेडाच्या दारात पंचवीसेक पोरं उभी होती. झेंडे होते, घोषणा चालू होत्या, आणि घोषणांमध्ये आता नुसता देश नव्हता. कोणाला हाकला, कोणाला ठोका, तेही होतं. त्यातली निम्मी पोरं शिवबाईनं कधी पाहिली नव्हती. कॅमेरावाला जुळे सोलापूरचा होता. त्याला कुणी काही सांगितलेलं दिसलं नाही, कारण पहिल्याच तव्यापाशी बसून तो म्हणाला, "काकू, आधी नाव सांगा, मग जवानांना एक वाक्य."

संगमेशनं तोंड उघडलं आणि मागं पोरांकडं पाहून मिटलं.

मायाक्कानं नाव सांगितलं. पुढचीनं सांगितलं. फुलाबाई नाव सांगून रडायलाच लागली, आणि दारातून टाळ्या पडल्या. पाच जणी झाल्या. कॅमेरा मदिनापुढं आला. घोषणा देणारी पोरंही ऐकायला गप्प झाली, तव्यावरच्या भाकरीचा करपट वास येईस्तोवर गप्प.

मदिनानं डोक्यावरचा पदर नीट केला. तिचे ओठ उघडले.

"तिला न्हाय बोलता येत," शिवबाई म्हणाली. "मुकी हाय ती."

फुलाबाईनं रडणं थांबवून वर पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं. मायाक्का परातीत पाणी घालू लागली, पुष्कळ पाणी. संगमेश घाईनं म्हणाला, "हां, हां. मुकी हाय. घे पुढं."

दारातून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. कॅमेरावाला पुढं गेला नाही. उलट त्यानं कॅमेरा आणखी जवळ नेला, मदिनाच्या तोंडावर, मग तिच्या हातांवर, मग पुन्हा तोंडावर. तिचे ओठ अजून तसेच उघडे होते. थोड्या वेळानं ते मिटले.

सगळे गेल्यावर शिवबाई पाट ओढून तिच्यापुढं बसली. 

"वाचवली का न्हाय? बघ, ऐनवेळी कसं सुचलं मला."

मदिनानं मान हलवली. करपलेली भाकरी तव्यावरून काढली, शेगडी बंद केली, परात धुतली. जाताना चप्पल घालून ती नेहमीसारखी उंबऱ्याशी थांबली, पण 'येते अव्वा' म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. बोलली नाही. शिवबाईला वाटलं, रुसली असेल, रुसू दे. आठवडा गेला. पीठ संपलं की मदिना डब्याकडं बोट दाखवायची. किती झाल्या विचारलं की बोटं मोजून दाखवायची. शिवबाईनं चिडवून पाहिलं. "मुकी म्हणलं हुतं मी. खरंच व्हायला कुणी सांगितलं?" मग तिच्या भाकरीला नावं ठेवून पाहिली, तिच्या सासरला, तिच्या जावयाला. मदिना ऐकून घ्यायची. एकदा बायका बाहेर गेल्याचं बघून शिवबाई हळू आवाजात म्हणाली, "शिवी दे की गं एक. मी कुणाला सांगत न्हाय." मदिनानं तिच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर शिवबाईला बरं वाटलं असतं.

घरी मदिना बोलत होती. शिवलीलानं तिला कोपऱ्यावर मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी भांडताना स्वतः ऐकलं होतं. शेडाचा उंबरा ओलांडला की मात्र शब्द नाही.

बाकी सगळं सुरळीत झालं. व्हिडिओ हजारोंनी पाहिला. नवी पेठेचा दुकानदार दुप्पट माल मागू लागला. भारतचा फोन लागला. फुलाबाईनं भिंतीकडची शेगडी उचलून परत मदिनाच्या शेजारी आणली. मुक्या बाईशेजारी बसायला तिची हरकत नव्हती. हळूहळू बायका मदिनादेखत हवं ते बोलू लागल्या, ती लोकं अशी नि ती लोकं तशी. जणू ती ऐकतही नव्हती.

जूनमध्ये एक बाई स्कूटीवरून शेड शोधत आली. जुळे सोलापूरची, शाळेत शिक्षिका. तिनं चार डझन भाकरी सांगितल्या आणि आत वाकून पाहत राहिली.

"त्या व्हिडिओतल्या त्याच ना ह्या? मी वर्गात दाखवला मुलांना. म्हटलं बघा, देवानं वाचा नाही दिली, पण देशासाठी हात चालतायत." तिनं आवाज खाली आणला. "जन्मापासूनच मुक्या आहेत का हो?"

शिवबाई भाकरी मोजत होती. मोजणं चुकलं.

"न्हाय," ती म्हणाली. "औंदा झाली."

"अगं बाई. कशानं?"

मदिनाचा भाकरी दाबणारा हात थांबला. तिनं मान वर करून शिवबाईकडं पाहिलं आणि पाहतच राहिली, पुढं काही येईल म्हणून. तव्यावरची भाकरी एका कडेनं फुगू लागली होती.

शिवबाईनं भाकरी कागदात गुंडाळल्या, सुतळीचा वेढा दिला, गाठ मारली, आणि बाईला विचारलं, "शेंगाचटणी किती देऊ?"