गौरवीच्या पाकिटातले पहिले कार्ड

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाच्या ना कोणाच्या पाकिटात माझा एखादा भाऊबंद नक्कीच असेल. तो नवा, चकचकीत असेल. माझे तसे नाही. माझा निळा रंग कोपऱ्यांवर फिका पडला आहे आणि पाठीवर चरे उमटले आहेत. मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. पेडणे तालुक्यातल्या कोरगावात, गौरवीच्या घरी मी राहतो.

माझा जन्म दूरच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. प्लास्टिकचे पातळ थर एकमेकांवर दाबून माझे अंग घडवले. त्यात एक सोनेरी चकती बसवली. मग एका यंत्राने माझ्या अंगावर उठावाच्या अक्षरांत गौरवीचे नाव उमटवले. तिला मी पाहिलेही नव्हते. तरी लिफाफ्यात बंद होऊन प्रवास करताना मला तिचीच ओढ लागली होती. कशी असेल ती? तिचा हात कसा असेल?

कुरिअरवाल्याने हाक मारली तेव्हा ती मासे साफ करत होती. घाईघाईने हात धुऊन ती आली. लिफाफा फोडून तिने मला उजेडात धरले आणि हसली. "आये, पळय. माझा नाव," ती सासूला म्हणाली. तिच्या बोटांना अजून बांगडा मासळीचा वास होता. तो वास मी अजून विसरलेलो नाही.

गौरवी एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगवर देखरेख करते. तिचा नवरा सागर मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकी. वर्षाचे बहुतेक महिने तो समुद्रावर असतो. घरात गौरवी आणि सागरची आई आनंदी, अशी दोघीच. दोघींचे कान सदा फोनकडे लागलेले. पण त्यांचा फोन जुना होता. सागर बोलायचा तेव्हा त्याचा चेहरा तुकड्या-तुकड्यांनी दिसायचा आणि मध्येच थिजून जायचा.

म्हणून माझे पहिले काम ठरले ते नवा फोन आणण्याचे. म्हापशाच्या दुकानात मी यंत्रात शिरलो आणि फोन घेऊनच घरी आलो. त्या रविवारी सागरचा अख्खा चेहरा आनंदीला दिसला.

"काय गो आये, जेवलंस मगो?" त्याने विचारले.

"जेवलंय रे. तू किती वाळलंस? तुका थंय शीत-कडी घालनत नाय काय?" आनंदी इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारीण पाहायला आली.

"आये, शीत-कडी मीच करतंय दुसऱ्यांका," सागर हसत म्हणाला.

फोन बंद झाल्यावर आनंदीने मला देवापुढे नेऊन ठेवले आणि हळदीचे बोट लावले. मित्रांनो, कार्डाच्या आयुष्यात याहून मोठा मान कोणता असणार? माझे बिल यायचे ते पगार झाल्यावर. गौरवी ते त्याच आठवड्यात भरून टाकायची आणि मला पाकिटाच्या पुढच्या कप्प्यात, सागरच्या फोटोशेजारी ठेवायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग पाकिटात दुसरे कार्ड आले. बाजारात टेबल मांडून बसलेल्या एका मुलीने "मॅडम, फुकट आहे, सोबत प्रवासाची बॅगही मिळेल" असे सांगितले. सागरला बॅग होईल म्हणून गौरवीने सही केली. तिसरे कार्ड फोनवरच्या गोड बोलण्यातून आले. चौथे फर्निचरच्या दुकानातून, सोफ्याबरोबर. ती सारी सोनेरी, काळी, तजेलदार. मला मागच्या कप्प्यात जागा मिळाली. तिथून सागरचा फोटो दिसत नसे.

घरात सोफा आला, मोठा फ्रीज आला, कपडे धुण्याचे यंत्र आले, भिंतभर टीव्ही आला. आनंदी मात्र सोफ्यावर कधी बसली नाही. जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीजवळच्या, आपल्या जुन्या लाकडी खुर्चीवर बसून ती रस्ता पाहत राहायची. गौरवी कामावरून आली की त्या नव्या वस्तूंवरून फडके फिरवायची आणि मग त्यांच्यामध्ये उभी राहायची. बराच वेळ, काही न करता. मला तिच्याजवळ जावेसे वाटे, पण कार्डाला पाय कुठे असतात?

प्रत्येक कार्डाची बिलाची तारीख निराळी होती. काहींची पगाराच्या आधीच येई. एखादी तारीख तिच्या ध्यानातून निसटायची आणि दंड बसायचा. कधी एका कार्डाचे बिल दुसऱ्यातून भागवले जायचे. तिच्या बोटांत पूर्वीचा हलकेपणा राहिला नव्हता. पाकीट उघडताना ती आता कचरायची.

आणि मग सागर घरी आला.

या वेळी तो ठरवूनच आला होता. "आये, आता परत जाणां नाय," त्याने उंबऱ्यावरच सांगितले. केरीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने एक जागा पाहून ठेवली होती. तिथे त्याला खाणावळ घालायची होती. माशांचे ताट, सोलकढी, सकाळी पोदेराचे, म्हणजे गावच्या पाववाल्याचे, ऊन पाव आणि भाजी. आनंदीला तर काय करू आणि काय नको असे झाले. ती त्याला समोर बसवून वाढायची आणि त्याचे जेवण होईपर्यंत तिथून हलायची नाही.

खाणावळीसाठी मोठी शेगडी आणि पातेली घ्यायला दोघे डिचोलीच्या बाजारात गेले. गुरुदासांचे भांड्यांचे दुकान तिथे आहे. सागरने प्रत्येक पातेले वाजवून पाहिले. एका पातेल्याकडे बघत तो म्हणाला, "ह्यात कडी करूया. गावभर वास जाऊक जाय." इतका खूश झालेला मी त्याला फोनवरही पाहिला नव्हता.

"गौरवी, तुझा कार्ड घाल गो. मगीर बघूया," तो म्हणाला.

गौरवीने सोनेरी कार्ड दिले. यंत्राने ते घेतले नाही. मर्यादा भरली होती.

"वहिनी, दुसरा आसा?" गुरुदासांनी साधेपणाने विचारले.

तिने काळे दिले. तेही परत आले. तिसऱ्याचेही तसेच झाले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती, ती छताकडे पाहू लागली. मग गौरवीची बोटे मागच्या कप्प्यात आली आणि तिने मला बाहेर काढले.

मित्रांनो, किती दिवसांनी मला तिचा हात लागला होता! माझ्यावर जवळजवळ काहीच देणे नव्हते. मी नक्की चाललो असतो. ती शेगडी, ती पातेली, सागरची खाणावळ, सारे मी एका क्षणात आणून दिले असते. यंत्र समोर होते. मला त्यात शिरायचे होते.

गौरवीने माझ्याकडे पाहिले. मग सागरकडे पाहिले.

"ह्या चालतला," ती म्हणाली. "पण नको." आणि तिने मला परत पाकिटात ठेवले.

दुकानाबाहेरच्या पायरीवर बसून तिने त्याला सारे सांगितले. सागर ऐकत राहिला. समोरून बस गेली, धूळ उडाली, तरी त्याने तोंड पुसले नाही.

"एका माणसाक कार्डां जाय तरी किती गो?" शेवटी त्याने विचारले.

"माका खबर नाय. तुमी नासताना घर रितां रितां दिसायचा. म्हणान भरीत गेलंय."

"माका सोफो नको आसलो, गौरवी."

"माका पण नको आसलो," ती म्हणाली आणि मग तिला रडू आवरले नाही. सागरने तिच्या हातातले पाकीट घेतले, बंद केले आणि आपल्या खिशात ठेवले. तिचा हात मात्र त्याने सोडला नाही. मी त्याच्या छातीजवळ होतो. आत काय चालले होते ते मला ऐकू येत होते.

घरी गेल्यावर त्याने आईला सांगितले, "आये, आनी एक खेप करूक जाय."

आनंदीने विचारले, "शेवटची मगो?"

"शेवटची."

ती उठली आणि त्याच्यासाठी आमसुले उन्हात घालायला गेली. जाताना तिने डोळे पुसले की पदर सारखा केला, ते मला कळले नाही. केरीची जागा राहते की जाते, तेही कोणी सांगू शकत नव्हते. सागर मोप्याच्या विमानतळावरून गेला. बॅग मात्र जुनीच नेली.

त्यानंतर गौरवीने सोफा आणि टीव्ही विकले. एकेका कार्डाचे देणे फेडून तिने बँकांना फोन केले.

"मॅडम, बंद कशाला करता? आम्ही तुमची मर्यादा वाढवून देतो," पलीकडून आवाज आला.

"नको. बंदच करा," गौरवी म्हणाली.

शेवटचे कार्डही बंद झाले तेव्हा पाकिटात मी एकटा उरलो. "ह्याची तारीख पगाराच्या मागसून येता. ह्या माझ्या ध्यानात रवता," तिने आनंदीला सांगितले आणि मला पुढच्या कप्प्यात ठेवले. महिन्यातून एकदा घरच्या विजेचे बिल मी भरतो, आणि ती लगेच माझे.

मुलांनो, मोठी झाल्यावर तुमच्याही हाती कार्डे येतील. किती ठेवावीत, असे कोणी विचारले तर आकडा मला सांगता येणार नाही. एखाद्याला दोन झेपतील, एखाद्याला एकही नको. पण ज्याची तारीख तुमच्या ध्यानात राहत नाही आणि ज्याचे बिल तुमच्या पगारातून भागत नाही, ते कार्ड घरात घेऊ नका. आणि कोणाच्या आठवणीने घर रिकामे वाटू लागले, तर बाजारात जाऊ नका. त्या माणसाला फोन करा. तसे सांगा.

आता माझे दिवस संपत आले आहेत. प्रत्येक कार्डाच्या अंगावर एक महिना कोरलेला असतो. तो सरला की कार्ड चालत नाही. माझ्यावरचा महिना जवळ आला आहे, आणि योग असा की, सागरची खेपही त्याच महिन्यात संपते आहे. आनंदीला कॅलेंडर नीट वाचता येत नाही. संध्याकाळी ती सुनेकडून मला मागून घेते आणि त्या उठावाच्या आकड्यांवरून हळूहळू अंगठा फिरवते.

"येतलो मगो गो ह्या म्हयन्यात?" ती विचारते.

"येतलो," गौरवी म्हणते.

मला कापून टाकाल तेव्हा टाका, मित्रांनो. फक्त तो दारात येईपर्यंत मला राहू द्या.